भूकंपग्रस्त कोण? ज्याच्याकडे दाखला आहे तो, की जो ढिगाऱ्यात होता तो?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. तलाठी भरतीचा अभ्यास करतोय. म्हणाला, "काका, आजोबांच्या नावचा भूकंपग्रस्त दाखला माझ्या नावावर करून घेतोय. घरातल्या सगळ्यांचं संमतीपत्र लागतंय, तुमची तेवढी सही पाहिजे." सही करून कागद कुरियरने पाठवला. तेव्हापासून डोक्यात जे फिरतंय ते इथे उतरवतो.

पुतण्याचा जन्म २००१ चा. त्याने भूकंप पाहिला नाही, माळवदाचं घरही आतून पाहिलेलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो आणि दगडातून मला उपसून काढलं होतं. आई आणि धाकटी बहीण त्यातच गेल्या. सरकारी दप्तरात मात्र आता भूकंपग्रस्त तो, आणि मी कोणीच नाही. नियमच तसा आहे. घर ज्याच्या नावावर त्याला दाखला, आणि एका दाखल्यावर घरातल्या एकालाच लाभ. क आणि ड वर्गाच्या भरतीत २ टक्के समांतर आरक्षण. मला त्याची गरज पडली नाही, भावाने कधी वापरला नाही, मग पोराने वापरला तर चांगलंच आहे. असूया बिलकुल नाही. पण सही करताना हात थोडा अडखळला, तो का, हे मलाच नीट सांगता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पोरं लेझीम खेळून दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी, अशी किती नावं घ्यायची. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, आमच्याकडे लोक दहा हजार धरतात. पूर्ण पडलेली ५२ गावं नंतर नव्या जागेवर वसवली. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबर १९९२ मध्ये चांगला दणका बसला होता, तेव्हा सगळा गाव बरेच दिवस अंगणात झोपला. मग थंडी पडली आणि लोक एकेक करून आत गेले.

आमच्याकडच्या घरांच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, दगड आणि मातीच्या. वर लाकडी फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी वर आणखी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. आजोबा, पणजोबा, सगळ्यांनी टाकलेली ती माती वरच होती. कित्येक घरांत खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि भिंती आतल्या माणसांवर आल्या. आमचंही तसंच झालं. वडील आणि मोठा भाऊ त्या रात्री शेतात राखणीला होते, म्हणून वाचले. त्यांनी आणि शेजारच्या दोघांनी मला काढलं. पुढचे दिवस पाऊस पडत होता. सरणाला लाकूड कुठून आणणार, घराच्याच तुळया लागल्या.

इथवरचं मी सांगू शकतो. खरं तर हे इतक्या वेळा सांगितलंय की ते दुसऱ्या कुणाचं वाटतं. पुढचं कमी सांगितलंय.

मला मामांकडे उदगीरला नेलं. शाळेत माझं नाव पडलं "भूकंपातलं पोरगं". पाहुणे आले, साहेब आले की मला वर्गात उभं करत. गणित नाही आलं तरी सर मारत नसत. मदतीच्या ट्रकमधून आलेला एक कोट मला दिला होता, मोठ्या माणसाचा, बाह्या दुमडून दुमडून घालायचो. त्याच्या आतल्या खिशात कुठल्यातरी मुंबईच्या लॉण्ड्रीची चिठ्ठी होती. ती मी बरीच वर्षं जपली होती. आणि खोटं कशाला बोलू, दया कशी मिळवायची हे मी शिकलो. चेहरा कसा करायचा, कुठे गप्प व्हायचं. दहावीपर्यंत मी त्यात तरबेज झालो होतो.

अकरावीला पुण्याला आलो तेव्हा ठरवलं की हे कुणाला सांगायचंच नाही. आईवडील गावाला असतात, शेती आहे, बस. नोकरीत बारा-पंधरा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. बायकोला अर्थात माहीत होतं, पण तिलाही सांगून नव्हे, वागण्यावरून जास्त कळलं. पलंगाच्या वर पोटमाळा चालत नाही. दाराच्या बाजूलाच झोपायचं. उशाशी टॉर्च आणि चपला. घर घेताना दोन चांगले फ्लॅट मी पाचव्या मजल्यावर आहेत म्हणून सोडले. ती म्हणते, "हा तुझा स्वभाव." आता हा माझा स्वभाव आहे की तो भूकंप, हे कसं ठरवायचं? त्या रात्री मी शेतात गेलो असतो तर आज पाचव्या मजल्यावर राहिलो असतो का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा ऑफिसात एकाने कुठून तरी शोधून काढलं आणि मला विचारलं, "सर, तुम्ही सर्व्हायव्हर आहात, टीमशी बोलाल का?" नाही म्हणालो. त्याच वर्षी किल्लारीला तीस वर्षं झाली, तेव्हा गावाकडून बोलावलं, तेव्हाही नाही गेलो. आणि आता पुतण्या तीच ओळख रीतसर अर्ज करून मागतोय.

तर प्रश्न असा. तुमच्याही आयुष्यात असं काही झालं असेल ज्यावरून जग तुम्हाला ओळखतं. ती ओळख तुम्ही वागवता, की झटकता? आणि झटकता येते का?

---

खडूस_काका

वाचलं. जड आहे. एक शंका, पेपरात तेव्हा ६.४ रिश्टर छापून आलं होतं, आता सगळीकडे ६.२ दिसतं. बरोबर कुठलं?

---

तेरणाकाठ

काका, दोन्ही. मोजायच्या पद्धती वेगळ्या. आमच्या गावात अजून ६.४ च म्हणतात, कमी केलेलं आवडत नाही लोकांना.

---

मीरा_कोथरूड

वाचतेय. नंतर लिहिते सविस्तर.

---

दुसरी_ती

या संस्थळावर सहा-सात वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. तेरणाकाठ, तुमचं गाव कुठलं ते विचारत नाही. माझं औसा तालुक्यातलं.

माझा जन्म १९९६ चा, म्हणजे भूकंपानंतरचा. माझ्या आईची दोन मुलं भूकंपात गेली, मुलगा आणि मुलगी. तिचं ऑपरेशन झालेलं होतं. आमच्याकडे तेव्हा अशा पुष्कळ बायका होत्या, दोन-तीन मुलं झाली म्हणून ऑपरेशन करून घेतलेल्या आणि एका रात्रीत रिकाम्या झालेल्या. मग डॉक्टरांनी नस पुन्हा जोडायच्या शस्त्रक्रिया केल्या. सगळ्यांना यश आलं नाही. आईला आलं. त्यातून मी झाले.

माझं नाव माझ्या बहिणीचं आहे. तेच्या तेच. आजी म्हणाली, "तीच आली परत." आई काही बोलली नाही, असं मावशी सांगते. गंमत पुढे आहे. रेशन कार्डावर बहिणीचं नाव होतं, ते कमी करायचं राहून गेलं. किंवा कुणी केलं नाही म्हणा. मी जन्मले तेव्हा नवीन नाव चढवायची गरजच पडली नाही, नाव होतंच. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर मी आठ वर्षांची आणि रेशन कार्डावर चौदा, असं कित्येक वर्षं चाललं. दुकानदार हसायचा. पुढे कार्ड बदललं तेव्हा वय दुरुस्त झालं. त्या दिवशी आईने दिवसभर काही खाल्लं नाही. मी तेव्हा सातवीत, मला वाटलं उपास आहे.

बहिणीला म्हणे भेंडी आवडायची नाही. मला आवडते. मी भेंडी खायला लागले की आजीचा चेहरा पडायचा. तिला वस्तुस्थिती कळत नव्हती असं नाही, ती काही वेडी नव्हती. पण तिने मनात एक जागा धरून ठेवली होती आणि मी त्या जागेत मावत नव्हते. तिला चित्रं काढता यायची, मला येत नाहीत. ती सावळी होती, मी गोरी. प्रत्येक ठिकाणी मी चूक. आणि चांगले मार्क पडले तर, "ती असती तर तिलाही असेच पडले असते."

तुम्ही विचारताय ओळख झटकता येते का. मी नाव बदलायचा विचार केला होता. लग्नाच्या वेळी नवऱ्याकडच्यांनी आपणहून विचारलं, नवीन नाव ठेवायचं का म्हणून. आमच्याकडे अजून तांदळात नाव लिहितात. सगळ्यांना वाटलं मी हो म्हणेन. नाही म्हणाले. का, ते तेव्हा कळलं नाही, आजही पूर्ण कळलंय असं नाही. पण मी नाव सोडलं तर ती मुलगी कुठेच उरणार नाही, रेशन कार्डावरही नाही, असं काहीतरी मनात आलं होतं.

माझ्याकडेही दाखला नाही, हे ओघाने आलंच. भूकंपात मी नव्हतेच.

---

मीरा_कोथरूड

दुसरी_ती, तुझं वाचून मी जे लिहायला घेतलं होतं ते पुसून टाकलं. लिहीत राहा गं.

---

कापूसकोंड्या

यवतमाळ जिल्हा. दाखल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

वडील २००६ मध्ये गेले. कसे ते सांगायची गरज नाही, त्या वर्षी आमच्या भागातून गेले म्हटलं की लोक समजून घेतात. तेव्हा पंतप्रधान आले होते, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, गावात टीव्हीच्या गाड्या फिरायच्या. माझ्या मायचा फोटो एका मासिकात आला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं.

शासनाची मदत १ लाख. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण आधी प्रकरण पात्र ठरावं लागतं. तलाठी, तहसीलदार, मग जिल्ह्याची समिती. आमचं अपात्र ठरलं. शेत आजोबांच्या नावावर, फेरफार झालेला नाही, म्हणजे कागदावर वडील शेतकरीच नाहीत. कर्ज सावकाराचं, त्याची चिठ्ठीचपाटी नाही, म्हणजे कर्जही नाही. आयुष्यभर कापूस वेचणारा माणूस मेल्यावर शेतकरी नाही निघाला. माय म्हणे, "मेल्यावरबी पास-नापास करतेत का हो?"

आता गंमत बघा. सरकार म्हणतं ही शेतकरी आत्महत्या नाही. आणि कॉलेजात, होस्टेलात, लग्नाच्या बैठकीत मी कोण? तर "शेतकरी आत्महत्या झालेल्या घरचा पोरगा". मदतीच्या वेळेला नाही, नाव ठेवायच्या वेळेला हो. दोन ठिकाणी मुलगी सांगून आलेली परत गेली, घरात "तसं" आहे म्हणून. जणू काही रक्तातच असतं.

आज मी एका बँकेत आहे. पीक कर्जाच्या फायली माझ्याकडे येतात. सातबारा हातात आला की मी रक्कम नंतर पाहतो, आधी नाव पाहतो. म्हातारा बाप जिवंत, शेत त्याच्या नावावर, राबतो मुलगा, असं दिसलं की मी त्या मुलाला बसवून घेतो आणि नावाची नोंद कशी करायची ते समजावून सांगतो. माझं ते काम नाही. साहेब म्हणतात, "तू तलाठी का नाही झाला?" तुम्ही पलंगावर पोटमाळा ठेवत नाही ना, माझं तसं हे.

वडिलांनी मला घडवलं असं मी म्हणेन. त्यांच्या मरणाने घडवलं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते श्रेय मी त्या मरणाला देणार नाही.

---

खडूस_काका

कापूसकोंड्या यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आता माझं ऐका, कडू वाटेल.

या धाग्यावर जे लिहितायत ते सगळे निभावून निघालेले लोक आहेत. नोकरी आहे, इंटरनेट आहे, दोन ओळी नीट लिहिता येतात. जे मोडले ते इथे येऊन लिहीत नाहीत. माझा सख्खा मामेभाऊ पानशेतच्या पुरात सापडला होता. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. तो तेव्हा विशीत, नारायण पेठेत त्यांचं छपाईचं दुकान होतं, टाइप, यंत्रं, कागद, सगळं चिखलात. माणूस कुणी गेलं नाही. पण तो पुन्हा उभा राहिलाच नाही. साठाव्या वर्षीही "पुरात गेलं नसतं तर" इथूनच त्याचं वाक्य सुरू व्हायचं. घरचे कंटाळले, मग हसायला लागले, मग ऐकेनासे झाले. तो वाईट माणूस नव्हता, आळशीही नव्हता. संकटातून माणूस तावून सुलाखून निघतो वगैरे भाषणं ऐकली की मला तो आठवतो. सगळेच सोनं नसतात आणि नसलेच पाहिजेत असाही काही नियम नाही.

---

हेळवाकची_लेक

काका, पटलं. पण एक भर घालते.

आमचं मूळ गाव शिवाजीसागराखाली आहे. कोयना धरण साठच्या दशकात झालं, शंभराच्या वर गावं उठली. कोण सोलापूरला, कोण सांगलीला, कोण ठाणे-रायगडकडे. आमच्या वाट्याला खालापूरचा डोंगरउतार आला. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आम्ही उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वीज अख्ख्या महाराष्ट्राला मिळाली. जमिनीच्या हक्कासाठी माझे चुलते अजून कोयनानगरच्या ठिय्या आंदोलनाला जाऊन बसतात. आमचे जे नातेवाईक खोऱ्यातच वर सरकून राहिले त्यांना ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही भोगावा लागला, त्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. म्हणजे एका घरात प्रकल्पग्रस्त आणि एका घरात भूकंपग्रस्त, दोन्ही दाखले.

माझा मुद्दा असा की तेरणाकाठ यांचं दुःख होऊन गेलेलं आहे, म्हणून ते ठेवायचं की सोडायचं असा विचार त्यांना करता येतो. आमचं चालूच आहे. माझ्या भावाची लग्नपत्रिका २०१९ ची, त्यावर मूळ गावाचं नाव छापलंय आणि खाली ठळक "कोयना". मुलीकडच्यांनी विचारलं हे गाव कुठे, तर वडील म्हणाले उन्हाळ्यात पाणी उतरलं की दाखवतो. आणि खरंच मे महिन्यात नवरा-नवरीला होडीतून घेऊन गेले. चौथरे दिसतात. देवळाचा एक दगड वडिलांना नेमका कुठे आहे ते ठाऊक आहे. नवी सूनबाई चिखलात चप्पल हातात घेऊन उभी, आणि सासरे तिला स्वयंपाकघर कुठे होतं ते दाखवतायत! त्यांनी स्वतः ते स्वयंपाकघर सहाव्या वर्षी सोडलं होतं.

प्रकल्पग्रस्त ही ओळख आम्ही टाकली तर मागणीच संपते. त्यामुळे आमच्याकडे ती पोरांना पाढ्यांसारखी शिकवतात. बरं की वाईट, माहीत नाही.

---

डॉ_ढवळ्या

मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे, पण इथे डॉक्टरकी करायला आलेलो नाही. खडूस_काकांचा मुद्दा महत्त्वाचा, म्हणून दोन गोष्टी.

संकटानंतर माणसात चांगला बदल होतो, या कल्पनेवर टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बरंच काम केलं. "पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ" हा शब्दप्रयोग त्यांचाच. त्यातला अर्धा भाग पोस्टरवर आला आणि अर्धा राहिला. राहिलेला असा की बदल आघातामुळे होत नाही, आघातानंतर माणूस जी झटापट करतो त्यातून होतो, तोही झाला तर. आणि वाढ आणि वेदना एकाच वेळी नांदतात, एक आली म्हणून दुसरी जात नाही. शिवाय हे बहुतेक सगळं माणसाला विचारून मोजलेलं आहे. "तुम्ही पूर्वीपेक्षा खंबीर झालात का?" असं विचारलं तर बरेच जण हो म्हणतील, कारण नाही म्हणणं फार महाग पडतं.

दुसरं म्हणजे बोनॅनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं काम. त्यांचं म्हणणं असं की जवळचं माणूस गेल्यावर पुष्कळ लोक फारशी पडझड न होता रोजच्या कामाला लागतात. ते खंबीर नसतात, कोरडेही नसतात, साधे असतात. अशांवर कुणी भाषणं ठेवत नाही.

तेरणाकाठ, पोटमाळ्याचं मी आजार म्हणून बघणार नाही. पलंगावर पोटमाळा नसलेलाच बरा, भूकंप झाला असो वा नसो. झोप लागत नसेल, तारीख जवळ आली की धडधडत असेल तर जरूर कुणाला तरी दाखवा.

---

लालबाग_परळ

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कुणी मागे घेतल्याचं आजवर ऐकलं नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बाबा संपावरच वारले.

गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीचा अर्ज भरताना कामाला असल्याचा पुरावा मागतात. हजेरीचा पास, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती, काहीतरी. आईने पावत्या चाळीतल्या उंदरांना घाबरून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, लाडवांच्या. तुपाचा वास येतो अजून त्यांना. नंबर लागलेला नाही. आई म्हणते घर मिळो न मिळो, बाबा कामाला होते हे तरी त्या डब्यात आहे.

---

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. हे असं वळण घेईल असं वाटलं नव्हतं.

कापूसकोंड्या, "ते श्रेय मी त्या मरणाला देणार नाही" हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच तू पंधरा वर्षं मला सांगायचा प्रयत्न करतोयस आणि तुला जमलेलं नाही.

काका, तुमच्या मामेभावासारखे आमच्या गावातही आहेत. नव्या गावात घरं जमिनीच्या वर्गवारीप्रमाणे वाटली. जुन्या गल्ल्या मोडल्या, समोरासमोर राहणारे दोन टोकांना गेले. रस्ते इतके रुंद की एका घरातून दुसऱ्या घरात हाक पोचत नाही. काही म्हातारे दिवसभर जुन्या गावातल्या बाभळीत जाऊन बसायचे आणि रात्री झोपायला नव्या घरी यायचे. पक्कं घर मिळालं आणि त्यात धान्य ठेवून स्वतः पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले लोक मी पाहिलेत. स्लॅबखाली झोप येत नव्हती त्यांना. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही खंबीर झालात का.

दुसरी_ती, माझ्या वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. ज्यांच्याशी केलं त्यांचाही नवरा आणि मुलगा गेलेला. मी त्यांना बरीच वर्षं काहीच म्हणत नव्हतो, नुसतं "अहो". त्यांना पुढे मुलगी झाली. तिला माझ्या बहिणीचं नाव द्यायचं घाटत होतं, तेव्हा या बाईंनी स्पष्ट नाही सांगितलं. मला त्या वेळी फार राग आला होता. तुमचं वाचेपर्यंत तो राग थोडा शिल्लक होता.

---

दुसरी_ती

त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

कापूसकोंड्या

दादा, एक विचारू का? दाखल्याचं तुमच्या वडिलांना विचारलं का? दाखला त्यांच्या नावावर आहे, सगळे त्यांना सोडून बोलतायत.

---

तेरणाकाठ

विचारलं, काल रात्री. खरं सांगायचं तर धागा वाचूनच विचारायचं सुचलं. वडील आता सत्त्याहत्तरचे. भूकंपाचा विषय काढला की म्हैस सोडायला जातात, असा आजवरचा अनुभव. म्हैस आता नाही, म्हणून बसले असावेत.

म्हणाले, "दाखला माझ्या नावचा हाय, पर ते घर माझं कुठं व्हतं? सात खण. त्यातले पुढचे तीन तुझ्या आज्याचे. मागचे चार तुझ्या मायीनं पाटल्या मोडून बांधलेले. नावावर माझ्या लागलं, कारण बायकांच्या नावावर कोण लावीत हुतं?" आणि आईने गवंड्याला म्हणे ताकीद दिली होती की मागच्या भिंतीत मोठे दगड आडवे घाल, पोरं तिकडेच निजतात. मी मागच्या भिंतीकडे होतो. बहीण पुढे आजीपाशी झोपली होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईने घर बांधलं हेही नाही, पाटल्यांचंही नाही. इतकी वर्षं मी "भूकंपातलं पोरगं" म्हणून जगलो, नाहीतर ते लपवून. मागच्या भिंतीतले ते दगड कुणी घालायला लावले हे कुणी सांगितलं असतं तर मी "आईचं पोरगं" म्हणून जगलो असतो कदाचित. असो.

पुतण्याला फोन करून सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "काका, आजीचं पूर्ण नाव काय? म्हणजे त्या आजीचं. मला माहीतच नाही." सांगितलं. विचारतोय, अर्जात कुठे लिहिता येईल का. मी म्हणालो रकाना नसेल.

---

हेळवाकची_लेक

रकाना नसतोच. आमच्या चुलत्यांनी वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात आजीचं नाव घातलं होतं, तिथे जागा असते. संमतीपत्राबरोबर वंशावळ जोडावी लागत असेल तर त्यात घालायला सांगा.

---

खडूस_काका

घाला जरूर. पण शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि मूळ भूकंपग्रस्त दाखल्यावर आजोबांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते पोराला आधी तपासायला सांगा. बोगस दाखल्यांची प्रकरणं पेपरात आल्यापासून पडताळणी कडक झालीय, एका वेलांटीवरून फाइल परत येते. आणि मूळ प्रत कुठेही जमा करू नका, दाखवून परत घ्यायची.